संघाचे सदस्यत्व आणि एकपक्षीय राज्य

पवनीच्या जगन्नाथ टेकडीवरील स्तूपाचे उत्खनन 1969-70 साली नागपूर विद्यापीठ व भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी केले. कठड्याच्या शिळांवर ब्राह्मी लिपीत दात्यांची नावे आढळली. त्या शिळांसमोर उभे राहिले की, ज्या संघासाठी ही माणसे देत होती त्या संघात प्रवेश कसा मिळत असे, हा प्रश्न आमच्या मनात येतो. त्याच्याशेजारी दुसराही येतो: विसाव्या शतकात ज्या राज्यांत एकच पक्ष होता, तेथे पक्षात प्रवेश कसा मिळत असे? ही तुलना आम्ही उगाच करीत नाही. नोव्हेंबर 1956 मध्ये काठमांडू येथे बाबासाहेबांनी बुद्ध व मार्क्स यांचे मार्ग शेजारी ठेवूनच पारखले होते.

महावग्गात उपसंपदेची रीत दिली आहे. एकदा ज्ञप्ती, तीनदा अनुश्रावण; ज्याचा विरोध असेल त्याने बोलावे, मौन ही संमती. त्याआधी उमेदवाराला प्रश्न विचारले जात. तो ऋणमुक्त आहे काय, मातापित्यांची अनुज्ञा आहे काय, आणि तो राजसेवक तर नाही ना? या शेवटच्या प्रश्नामागे इतिहास आहे. बिंबिसाराचे सैनिक सीमेवरील मोहीम टाळण्यासाठी प्रव्रज्या घेऊ लागले. राजाने तक्रार केली, तेव्हा हा नियम झाला. म्हणजे ती राजाला दिलेली सवलत होती, हे लपविण्याचे कारण नाही. परंतु त्यामुळे राजाचा नोकर आणि संघाचा भिक्षू असे दोन्ही एकाच वेळी होणे अशक्य झाले.

सोव्हिएत रशियात नेमके उलटे घडले. पक्षात येण्यास तीन जुन्या सदस्यांच्या शिफारशी आणि एक वर्षाची उमेदवारी लागे. मात्र महत्त्वाच्या सरकारी पदांची यादीच पक्षाच्या हाती होती. 1977 च्या संविधानाच्या सहाव्या कलमाने या वर्चस्वावर शिक्कामोर्तब केले. अखेरीस सदस्यसंख्या दोन कोटींच्या जवळ पोचली. त्यांत श्रद्धेने किती आले आणि पोटासाठी किती, हे खुद्द पक्षालाही सांगता आले नसते. मार्च 1990 मध्ये ते कलम बदलले आणि लाखो सदस्य पक्ष सोडून गेले. संघातून बाहेर पडणे सोपे होते: समजत्या माणसासमोर शिक्षेचा त्याग बोलून दाखवावा, आणि मन वळले तर पुन्हा उपसंपदा मागावी.

आमच्या भंडाऱ्यालाही या प्रश्नाची ओळख आहे. 1954 च्या लोकसभा पोटनिवडणुकीत शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनतर्फे बाबासाहेब येथून राखीव जागेसाठी उभे राहिले. दिल्लीत काँग्रेस, प्रांतातही काँग्रेस. ते पराभूत झाले. तरी फेडरेशनचे सदस्यत्व गुन्हा ठरले नाही, आणि त्याच वर्षी 26 ऑगस्टला राज्यसभेत बाबासाहेबांनी सरकारच्या परराष्ट्र धोरणावर टीका केली.