हेडफोन
हेडफोन : विद्युत् संदेशाचे ध्वनीत रूपांतर करणारे व कानांवर किंवा कानांत बसविण्याचे साधन. यात प्रत्येक कानासाठी एक याप्रमाणे दोन लहान ध्वनिक्षेपक असतात व ते बहुधा डोक्यावरून जाणाऱ्या पट्टीने जोडलेले असतात. मोठ्या ध्वनिक्षेपकाला खोलीतील सर्व हवा कंपित करावी लागते. हेडफोनला आपले पटल व कानाचा पडदा यांमधील अत्यल्प हवाच हलवावयाची असते. त्यामुळे त्याला लागणारी शक्ती वॉटमध्ये नव्हे, तर मिलिवॉटमध्ये मोजतात. दुर्बल उगमावर चालणे हा हेडफोनचा मूळ गुण होय आणि त्याच्या निवडीचा इतिहास म्हणजे मुख्यतः उगम व हेडफोन यांचा मेळ घालण्याचा इतिहास होय. संगणकाच्या मुख्य फलकावरच (मदरबोर्डवर) बसविलेल्या ध्वनिमंडलामुळे हा जुनाच प्रश्न नव्या रूपात पुढे आला. निवडीविषयीचे प्रचलित सल्ले बहुधा थंड हवामानाच्या देशांतील शांत खोली गृहीत धरतात. वऱ्हाडातील खामगाव (जि. बुलढाणा) यासारख्या शहरात ती गृहीते कितपत टिकतात, याचाही विचार येथे केला आहे.

इतिहास : खामगाव हे एकोणिसाव्या शतकात कापसाच्या व्यापाराचे मोठे केंद्र होते. जलंब–खामगाव हा सुमारे १३ किमी. लांबीचा लोहमार्ग १८७० साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते सुरू झाला. त्याच वर्षी मुंबई व इंग्लंड समुद्री तारेने जोडली गेली आणि लिव्हरपूलच्या बाजारभावाची वार्ता आठवड्यांऐवजी तासांत येऊ लागली. तारमास्तर संदेश कानानेच उतरवून घेई. परंतु यंत्राची टकटक खोलीभर ऐकू जात असल्याने कानाला काही लावण्याची गरज नव्हती. ती गरज अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांच्या दूरध्वनीने (१८७६) निर्माण केली. दूरध्वनी केंद्रातील कर्मचाऱ्याचे हात मोकळे राहावेत म्हणून १८८० च्या सुमारास खांद्यावर पेलावयाचे अवजड श्रावक तयार झाले. केंद्रातील जोडणीफलकासाठी वापरात आलेली खुंटीच पुढे आकाराने लहान होत आजच्या ३.५ मिमी. खुंटीपर्यंत पोहोचली.

अमेरिकेतील यूटा राज्याचे रहिवासी नथॅनिएल बाल्डविन यांनी १९१० साली आपल्या स्वयंपाकघरात अतिशय संवेदनशील हेडफोन बनवून अमेरिकन नौदलाकडे पाठविले व तेथून बिनतारी संदेशवहनात त्यांचा प्रसार झाला. यानंतरचा क्रिस्टल रेडिओसंचाचा काळ प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने सर्वांत बोधप्रद आहे. या संचाला विद्युत् घट लागत नसे. आकाशकाने (एरियलने) पकडलेल्या तरंगातील शक्ती हीच काय ती त्याची शक्ती. म्हणून त्याला २,००० ते ४,००० ओहम संरोधाचे हेडफोन लावीत. कमी संरोधाचा, मग तो कितीही महाग असो, त्या संचावर जवळजवळ मुका राही. मुंबईचे नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले, पण १.५ किवॉ. शक्तीच्या त्या केंद्राचा पल्ला सुमारे ४८ किमी. होता व खामगाव तेथून रेल्वेने ५०० किमी.हून अधिक दूर आहे. नागपूर केंद्र १९४८ साली सुरू झाले, तोवर ध्वनिक्षेपक असलेले निर्वात नलिकांचे संच रूढ झाले होते. हेडफोनची ती पहिली पिढी वऱ्हाडाला अशी जवळजवळ वगळूनच गेली.

जर्मनीतील बायर कंपनीने १९३७ साली गतिमान वेटोळ्याचा डीटी ४८ हा हेडफोन तयार केला. आजचे बहुतेक हेडफोन याच तत्त्वावर चालतात : पटलाला चिकटविलेले तारेचे वेटोळे चिरचुंबकाच्या क्षेत्रात पुढेमागे हलते. जॉन कॉस यांनी १९५८ साली द्विमार्गी (स्टीरिओ) संगीतासाठी हेडफोन बाजारात आणले व ते घरगुती वस्तू बनले. झेनहायझरचा एचडी ४१४ (१९६८) हा मागून उघडा असलेला हेडफोन २,००० ओहमचा होता. याउलट सोनी कंपनीच्या वॉकमनला (१९७९) दोन लहान घटांवर चालावयाचे असल्याने त्याचे हेडफोन कमी संरोधाचे व अत्यंत हलके केले गेले. बाजारातील बहुसंख्य हेडफोन आज १६ ते ३२ ओहमचे असतात, ते या परंपरेमुळे.

संगणकाचा अंगभूत ध्वनी : आयबीएमच्या १९८१ च्या वैयक्तिक संगणकात केवळ ‘बीप’ करणारा लहान ध्वनिक्षेपक होता. ॲडलिब (१९८७) व साउंड ब्लास्टर (१९८९) या ध्वनिपत्रांनी खेळांना संगीत व आवाज दिले. ही पत्रे वेगळी विकत घ्यावी लागत. इंटेल कंपनीने १९९७ मध्ये एसी ’९७ व २००४ मध्ये हाय डेफिनिशन ऑडिओ ही मानके आणली आणि ध्वनीचे काम मुख्य फलकावरील एका स्वस्त संकलित मंडलाकडे आले. विंडोज व्हिस्टानंतर (२००७) खेळांतील ध्वनीची गणिते मुख्य प्रक्रियकच करू लागल्याने वेगळ्या पत्राचे महत्त्व आणखी घटले. खामगाव येथील शासकीय तंत्रनिकेतन किंवा शेगाव येथील अभियांत्रिकी महाविद्यालय (स्थापना १९८३) येथे शिकणारा विद्यार्थी संगणक घेतो, तेव्हा ध्वनिमंडल त्याला निवडावे लागत नाही. ते आलेलेच असते. निवड उरते ती हेडफोनची.

मेळ कसा पाहावा : अंगभूत मंडलाचा कमाल विद्युत् दाब साधारणतः १ व्होल्ट असतो. त्याचा आंतरिक संरोध नगण्य असल्यास ३२ ओहमच्या हेडफोनला सुमारे ३१ मिलिवॉट, तर २५० ओहमच्या हेडफोनला अवघे ४ मिलिवॉट मिळतात. तथापि १ मिलिवॉटला ९६ डेसिबेल इतकी संवेदनशीलता असलेला हेडफोन ४ मिलिवॉटवरही १०२ डेसिबेलपर्यंत जातो. उच्च संरोधाच्या हेडफोनला वेगळा विवर्धक अनिवार्य आहे, हा समज म्हणूनच बराच अतिशयोक्त आहे. हळू पातळीवर मुद्रित केलेल्या शास्त्रीय गायनाच्या बाबतीतच उणीव जाणवते.

अधिक उपद्रवी दोष दुसरा आहे व त्याची चर्चा कमी होते. स्वस्त फलकांवर निर्गमनाच्या मार्गात संरक्षणासाठी रोधक घातलेले असतात. समजा, हा रोध ७५ ओहम आहे आणि ३२ ओहमच्या हेडफोनचा संरोध खालच्या स्वरांच्या एका पट्ट्यात ६० ओहमपर्यंत चढतो. अशा वेळी त्या पट्ट्यातील आवाज इतरांपेक्षा सुमारे ३.५ डेसिबेलने वाढतो. तबल्याचा डग्गा गुबगुबीत व गायकाचा आवाज मागे गेलेला वाटतो. ऐकणारा दोष हेडफोनला देतो. उगमाचा संरोध हेडफोनच्या संरोधाच्या एक-अष्टमांशाहून कमी असावा, हा सर्वसाधारण दंडक यासाठीच आहे. अशा फलकावर १६ ओहमच्या हेडफोनपेक्षा ८० ते २५० ओहमचा हेडफोन अधिक सरळ वाजतो. म्हणजे ‘कमी ओहमचा तो सोपा’ हा नियम येथे उलटा पडतो.

संवेदनशील हेडफोनमध्ये माउस हलविताना खरखर ऐकू येत असेल, तर पेटीच्या पुढील छिद्राऐवजी मागील हिरव्या छिद्रात खुंटी लावून पाहावी. पुढील छिद्राकडे जाणारी तार पेटीतील गोंगाटातून जाते. सतत गुणगुण येत असल्यास घराचे अर्थिंग तपासावे. चांदीचा मुलामा दिलेल्या महागड्या तारांचा मात्र काही उपयोग नाही. खामगाव चांदीच्या बाजारपेठेसाठी ख्यातनाम आहे, तरीही हे नमूद करावयास हवे : चांदीची विशिष्ट रोधकता तांब्याहून सुमारे ५ टक्क्यांनीच कमी आहे आणि वारभर तारेचा रोध मुळातच ओहमच्या अंशाएवढा असतो.

दिशेचे ज्ञान : खेळात शत्रूच्या पावलांची दिशा कळणे महत्त्वाचे असते. बाजूने येणारा ध्वनी एका कानाला दुसऱ्यापेक्षा जास्तीत जास्त ०.७ मिलिसेकंद आधी पोहोचतो व उच्च कंप्रतेचे स्वर डोक्याच्या सावलीमुळे पलीकडे क्षीण होतात. रॅली यांनी हे १९०७ साली मांडले. समोर-मागे हा भेद मुख्यतः कर्णपाळीच्या वळणांमुळे कळतो. दोन कानांना दोन मार्ग पुरतात. ‘७.१’ असे छापलेल्या बहुतेक हेडफोनांत प्रत्येक बाजूस एकच पटल असते व उर्वरित आभास संगणकातील आज्ञावली निर्माण करते. ती आज्ञावली साध्या हेडफोनलाही चालते. संगीत ऐकताना ती बंद ठेवणे इष्ट.

उघडा की बंद : मागून उघड्या हेडफोनमध्ये ध्वनी मोकळा वाटतो, कान तापत नाहीत आणि म्हणून परदेशी सल्लागार त्याची शिफारस करतात. विदर्भात एप्रिल ते जूनमध्ये तापमान ४० से.च्या वर राहते व दिवसरात्र कूलर चालू असतो. त्याची घरघर उघड्या हेडफोनमधून सरळ कानात येते आणि ऐकणारा नकळत आवाज चढवितो. शिवाय उघड्या हेडफोनचा आवाज बाहेरही जातो. एकाच खोलीत धाकटे भावंड अभ्यास करीत असते, आजी झोपलेली असते. बंद हेडफोनची कृत्रिम चामड्याची गादी घामाने भिजते व एक-दोन उन्हाळ्यांत सोलपटते. कापडी, बदलता येणारी गादी असलेला बंद हेडफोन किंवा रबरी टोकाचा कानात बसणारा प्रकार या परिस्थितीत अधिक सोयीचा ठरतो.

चढविलेल्या आवाजाचा हिशेब मात्र कानाला चुकवावा लागतो. जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनी २०१९ साली जाहीर केलेल्या मानकानुसार प्रौढांसाठी ८० डेसिबेल पातळीवर आठवड्याला ४० तास ही मर्यादा आहे; लहान मुलांसाठी ती पातळी ७५ डेसिबेल धरली आहे. पातळी दर ३ डेसिबेलने वाढली की, काळ निम्मा होतो : ८३ ला २० तास, ८६ ला १०, ८९ ला ५. कूलरवर मात करण्यासाठी ९ डेसिबेल वाढविणाऱ्याचा आठवड्याचा वाटा रविवारच्या एका दुपारीच संपतो. आतील कानातील मृत केसपेशी पुन्हा निर्माण होत नाहीत. बंद हेडफोन किंवा कानात नीट बसणारे रबरी टोक बाहेरचा गोंगाट बरेच डेसिबेल अडविते आणि तेवढ्या प्रमाणात आवाजाची कळ खाली आणता येते.