एका पगाराचे घर : गिरणगावातील काटकसरीचा हिशेब (थ्रेड)

१/
खर्च लिहून ठेवावा, किराणा एकदम भरावा, कर्ज टाळावे. काटकसरीचे हे सल्ले नवे नाहीत. शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या गिरणगावातील गृहिणीलाही ते ठाऊक होते. तरीही महिनाअखेर तिचा डबा रिकामा का होई, याचे उत्तर सरकारी दप्तरात सापडते.

२/
पहिल्या महायुद्धानंतर महागाई भडकली. जानेवारी १९१९ मध्ये मुंबईच्या गिरण्यांत सार्वत्रिक संप झाला आणि १९२० मध्ये पुन्हा. १९२१ साली मुंबई सरकारने ‘लेबर ऑफिस’ स्थापन केले. फिंडले शिरास यांच्या देखरेखीखाली या कार्यालयाने कामगार कुटुंबांचा जमाखर्च तपासला. अहवाल १९२३ मध्ये प्रसिद्ध झाला.

३/
२,४७३ कुटुंबांची ही पाहणी होती. घरातील सर्व कमावत्यांची मिळून सरासरी मासिक प्राप्ती सुमारे ५२ रुपये. खर्चाच्या दर शंभर रुपयांतील जवळपास ५७ अन्नावर जात, घरभाड्यावर ८ आणि जळण-दिवाबत्तीवर ७. भाडे कमी दिसते, कारण ९७ टक्के कुटुंबे एकाच खोलीत राहत होती. जागेची काटकसर आधीच टोकाला पोहोचली होती.

४/
अन्नाविषयीचा निष्कर्ष अधिक बोचरा होता. कामगाराच्या घरातील धान्याचा वापर दुष्काळी संहितेत ठरवलेल्या कमाल शिध्याइतका, मात्र मुंबईच्या तुरुंग नियमावलीतील कैद्याच्या शिध्यापेक्षा कमी भरला. ज्या ताटात कैद्याइतकेही धान्य नाही, त्या ताटातून आणखी काय वाचवायचे?

५/
सुमारे ४७ टक्के कुटुंबे कर्जात होती. व्याजाचा रूढ दर रुपयामागे दरमहा एक आणा. सोळा आण्यांचा रुपया धरला, तर वर्षाला बारा आणे, म्हणजे शेकडा ७५.

६/
कर्ज केवळ लग्नकार्यासाठी होत नसे. गिरण्यांत एका महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या मध्याला हाती पडे. नव्याने लागलेल्या कामगाराला पहिले सुमारे दीड महिना उधारीवर काढावा लागे. वाण्याच्या वहीत एकदा नाव चढले की दुकान तेच, भाव त्याचा आणि मापही त्याचेच. ‘स्वस्त असेल तेथून एकदम भरा’ हा सल्ला रोकड असणाऱ्यालाच पाळता येतो.

७/
हे चक्र मोडण्यासाठी कायदा लागला. १९३६ च्या वेतन प्रदान कायद्याने हजाराहून कमी कामगार असलेल्या कारखान्यात सात दिवसांच्या आत आणि मोठ्या कारखान्यात दहा दिवसांच्या आत पगार देणे बंधनकारक केले. पगाराची तारीख अलीकडे आणणे कोणत्याही गृहिणीच्या काटकसरीला शक्य नव्हते.

८/
‘पुरुष कमावणार, बाई घर सांभाळणार’ ही व्यवस्थाही समजली जाते तितकी जुनी नाही. १९२० च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत सुमारे पाचवा हिस्सा स्त्रियांचा होता. रात्रपाळीस स्त्रियांना मनाई होती. पुढे नवी यंत्रे आली, कामाची फेररचना झाली आणि स्त्रियांच्या जागा घटत गेल्या. अनेक घरे एका पगाराची झाली, ती त्यांच्या पसंतीने नव्हे.

९/
तरी दुसरी कमाई थांबली नाही, ती खोलीच्या आत गेली. कोकणातून आणि घाटावरून एकटे आलेले कामगार खाणावळीत जेवत. खाणावळवाली बाई महिनाभर जेवण घाली आणि पगार झाल्यावर पैसे घेई. तोवर धान्य ती स्वतः उधारीवर आणी. कामगाराच्या उशिरा झालेल्या पगाराचे व्याज अशा रीतीने तिच्या माथी बसे. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले. त्यातून या स्त्रियांना बँकेचे कर्ज मिळू लागले आणि सावकाराला पर्याय उभा राहिला.

१०/
भिशीमागेही हेच गणित आहे. दहा जणींनी दरमहा पाच रुपये काढायचे आणि पाळीपाळीने एकीने पन्नास उचलायचे. एकूण रकमेत वाढ होत नाही, पण एकरकमी पैसा बिनव्याजी हाती येतो. व्याज शेकडा ७५ असताना ही बचत फार मोठी ठरते.

११/
१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले आणि घरात येणारा एकमेव पगार बंद झाला. तेव्हा कित्येक घरांची चूल खाणावळ, घरकाम, शिवणकाम यांवर पेटत राहिली. हिशेबात कधी न धरलेली कमाईच घराचा आधार ठरली.

१२/
गिरणगावाचा जमाखर्च काटकसरीला कमी लेखत नाही, तिची मर्यादा दाखवतो. वेळेवर पगार, माफक व्याज आणि हाती थोडी रोकड असली, तरच काटकसरीतून शिल्लक उरते. एरवी तिचा अर्थ एकच उरतो : घरातील कोणीतरी, बहुधा शेवटी जेवणारी बाई, कमी जेवते.