नदीपार गेलेला एक शब्द

मागील वर्षी आमच्या बेळगावच्या शाळेत स्नेहसंमेलनाची तालीम चालली होती. मुलींनी एका गाण्यावर नाच बसविला होता. हे गाणे कोठले, असे विचारताच उत्तर आले, "सर, मोबाइलवर पाहिले. हिंदी सिनेमातले आहे." उत्तर खोटे नव्हते, मात्र ते अर्धेच होते.

ते गाणे मूळचे गोव्याचे, कोकणी भाषेतील एक देखणी. देखणी हा घुमटाच्या तालावरचा, ख्रिस्ती समाजात रुजलेला नाच. परंतु त्यात रंगविलेली असते ती हिंदू कलावंतीण. या देखणीतील नर्तकीला दामूच्या लग्नासाठी नदीपार जावयाचे आहे. नावाडी राजी होत नाही, म्हणून ती अंगावरचा एकेक दागिना पुढे करून ‘घे, घे’ असे विनविते. कार्लोस युजेनियो फेरेरा यांची ही रचना १८९५ साली पॅरिसमध्ये व १९२६ साली गोव्यात बस्तोडा येथील रांगेल मुद्रणालयात छापली गेली. १९६३ साली फ्रँक फर्नांड यांच्या ‘आमचें नशीब’ या कोकणी चित्रपटात आणि १९७३ साली लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांच्या संगीतातून ‘बॉबी’त ती आली.

‘बॉबी’त शब्द हिंदी झाले, पालुपदातील ‘घे’ मात्र राहिला. एकाक्षरी शब्द लागोपाठ उच्चारला की त्याचाच ताल होतो, आणि अर्थ न कळणाऱ्याचेही पाऊल उचलते. आज काही सेकंदांच्या चित्रफितींतून गाण्यांचे तुकडे घरोघर पोहोचतात, ते याच गुणामुळे. २०१६ च्या ‘सैराट’मधील ‘झिंगाट’ २०१८ च्या ‘धडक’मध्ये हिंदीत गेले, तेव्हाही बाकीचे शब्द बदलले, तो एक शब्द कायम राहिला.

परंतु या प्रवासाचे मोल द्यावे लागते. मूळ गीतातील ‘घे’ हा सरळ सौदा होता: दागिने घे आणि पैलतीरी ने. हिंदी गीत त्याच ‘घे’ला जोडून सांगते की, प्रेमात सौदा नसतो. शब्द तोच, आशय नेमका उलटा! नर्तकी, नावाडी आणि फेरेरांचे नाव, सारे अलीकडच्या तीरावरच राहिले.

मी ही हकीकत मुलींना सांगितली. दुसऱ्या दिवशी एक मुलगी हाती वल्हे घेऊन नावाडी झाली. गाणे तेच होते. पण ‘घे’ कोणाला म्हणावयाचे, हे आता नाचणारीला ठाऊक होते.