वाढसंप्रेरक जागवणाऱ्या पेप्टाइडांची कुळकथा

सर्मोरेलिन, इपामोरेलिन, सीजेसी-1295 अशा नावांची इंजेक्शनं आज पोट उतरवायला, दंड भरायला आणि वय लपवायला विकली जातात. बाहेरून संप्रेरक टोचायचं नाही, शरीराचंच वाढसंप्रेरक जागं करायचं, म्हणून हे नैसर्गिक आणि निर्धोक, असा त्यामागचा युक्तिवाद असतो. मोबाइलवर येणाऱ्या अशा जाहिरातीला मुंबई आणि कणकवली तालुक्यातलं फोंडाघाट सारखेच. ती जाहिरात तपासण्याचा उत्तम मार्ग म्हणजे या पेप्टाइडांचं, म्हणजे अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्यांचं, कूळ पाहणं. ती कुठे जन्मली, कुणाच्या आजारातून कळली, हे पाहिलं की त्यांचं खरं काम ध्यानात येतं आणि तारुण्याचा दावा या कुळातला नाही हेही कळतं. या खटल्यातली सगळ्यात भक्कम साक्ष पश्चिम भारतातल्या काही कुटुंबांनी दिली आहे.

मेंदूच्या तळाशी असलेली पिट्यूटरी ग्रंथी वाढसंप्रेरक सतत पाझरत नाही, थांबून थांबून सोडते, आणि त्यातला मोठा हिस्सा गाढ झोपेत सुटतो. तिला हुकूम येतो तो वरच्या हायपोथॅलॅमसकडून. हा हुकूम रसायनांतून येतो हे सिद्ध करायला रॉजर गियमाँ आणि अँड्र्यू शॅली या दोन प्रतिस्पर्ध्यांनी कत्तलखान्यांतून मेंढ्यांचे आणि डुकरांचे लाखो मेंदू गोळा केले. 1969 मध्ये दोघांच्याही हाती थायरॉइडची साखळी हलवणारं पेप्टाइड लागलं. 1973 मध्ये गियमाँच्या प्रयोगशाळेत वाढसंप्रेरक सोडायला लावणाऱ्या रेणूचा शोध चालू असताना सापडला तो नेमका उलट्या गुणाचा, वाढसंप्रेरक अडवणारा सोमॅटोस्टॅटिन. 1977 मध्ये दोघांना नोबेल मिळालं, तरी सोडायला लावणारा रेणू अजून हाती आलेला नव्हता. मेंदूत तो इतका थोडा असतो की मेंदूतून तो वेगळा करणं साधत नव्हतं. तो मिळाला 1982 मध्ये, आणि मेंदूतून मिळालाच नाही. ॲक्रोमेगली म्हणजे हातपाय, जबडा बेसुमार वाढण्याचा आजार झालेल्या रुग्णांच्या स्वादुपिंडातल्या गाठींमध्ये तो भरपूर होता. एक गाठ फ्रान्समधल्या रुग्णाची, दुसरी अमेरिकेत व्हर्जिनिया विद्यापीठात मायकेल थॉर्नर यांनी तपासलेल्या तरुणीची. कॅलिफोर्नियातल्या साल्क संस्थेत गियमाँ यांच्या आणि वायली व्हेल यांच्या गटांनी त्यांतून 44 आणि 40 अमिनो आम्लांची साखळी उलगडली. हाच जीएचआरएच, वाढसंप्रेरक सोडायला लावणारा संप्रेरक.

‘नैसर्गिक म्हणून निर्धोक’ या दाव्याला उत्तर या जन्मकथेतच आहे. त्या गाठींनी बाहेरचं काहीही बनवलेलं नव्हतं. माणसाच्या शरीरातलाच रेणू त्या बनवत होत्या, पण न थांबता, आणि रुग्णांची हाडं विद्रूप होत होती. रेणू आपला की परका यावर धोका ठरत नाही. तो किती, कधी आणि किती वेळ राहतो यावर ठरतो. यावर असं म्हणता येईल की औषध म्हणून दिलेला छोटा डोस वेगळा: सोमॅटोस्टॅटिनचा लगाम शाबूत राहतो, वाढसंप्रेरकामुळे बनणारं आयजीएफ-1 रक्तात वाढलं की पिट्यूटरी आपोआप आवरतं घेते, लय टिकते. हे खरं आहे, आणि या उपचाराचं खरं बळ तेच आहे. 1985 मध्ये मृतांच्या पिट्यूटरीतून काढलेल्या संप्रेरकामुळे, ते लहानपणी घेतलेल्या तरुणांना क्रॉइट्झफेल्ट-याकोब हा मेंदूचा जीवघेणा रोग झाल्याचं उघड झालं. त्यानंतर ग्रंथीकडूनच काम करवून घेण्याची कल्पना अधिकच मोलाची वाटली असेल तर नवल नाही. जीएचआरएचच्या पहिल्या 29 अमिनो आम्लांपासून केलेल्या सर्मोरेलिनला अमेरिकेत आधी निदानासाठी आणि 1997 मध्ये खुरटलेल्या मुलांच्या उपचारासाठी मान्यता मिळाली ती याच बळावर. पण ते रक्तात काही मिनिटंच टिकतं. म्हणून सीजेसी-1295 असं घडवलं की ते रक्तातल्या अल्ब्युमिनला चिकटून कित्येक दिवस राहावं. त्याने वाढसंप्रेरकाच्या लहरी उरतात, पण दोन लहरींमधल्या शांत काळातली पातळीही वर चढते. जिथे लय राखण्याचा गुण सांगून औषध विकायचं, तिथेच ती लय बदलायची, ही विसंगती आहे.

या कुळाची दुसरी शाखा उलट्या क्रमाने वाढली. न्यू ऑर्लिन्सच्या टुलेन विद्यापीठात सिरिल बॉवर्स यांनी 1970 च्या दशकाच्या उत्तरार्धात एन्केफॅलिन या वेदनाशामक पेप्टाइडात बदल करता करता वाढसंप्रेरक सुटवणारी कृत्रिम पेप्टाइडं मिळवली. त्यांचा ग्राहक (रिसेप्टर), म्हणजे पेशीवर त्यांचा हुकूम ऐकणारा रेणू, 1996 मध्ये सापडला, आणि त्या ग्राहकासाठी शरीर स्वतः बनवतं तो रेणू 1999 मध्ये जपानच्या मासायासू कोजिमा आणि केंजी कांगावा यांना उंदराच्या जठरात मिळाला. तो घ्रेलिन, भूक लावणारा संप्रेरक. इपामोरेलिन याच शाखेचं.

आता पश्चिम भारताची साक्ष. 1996 मध्ये एका भारतीय कुटुंबातल्या नात्यातल्या दोन खुज्या मुलांमध्ये जीएचआरएचच्या ग्राहकाचं जनुक 72 व्या स्थानी तुटलेलं आढळलं. माणसातला असा दोष प्रथमच सापडला होता. पुढे सिंधमधल्या खुज्या माणसांमध्येही हाच दोष निघाला. मुंबईतल्या बाई जेरबाई वाडिया रुग्णालयाच्या डॉ. मीना देसाई आणि जपानी सहकाऱ्यांनी 2004 मध्ये दाखवलं की पश्चिम भारतात घराण्यात चालत आलेल्या वाढसंप्रेरक-कमतरतेचं प्रमुख कारण हाच एक दोष आहे, आणि तो बहुधा एकाच पूर्वजाकडून पसरला. या मुलांची पिट्यूटरी असते, पण हुकूम ऐकणारा ग्राहक नसतो. त्यांना सर्मोरेलिन देऊन काय उपयोग? दुसऱ्या शाखेचं हेक्झारेलिन सिंधच्या रुग्णांना देऊन पाहिलं, तरी वाढसंप्रेरक सुटलं नाही. म्हणजे दोन्ही शाखांना तोच दुवा शाबूत लागतो. अशा मुलाला प्रत्यक्ष वाढसंप्रेरकच द्यावं लागतं. कोणती कडी तुटली हे कळल्याशिवाय हे औषध देणं म्हणजे अंधारात तीर मारणं.

तारुण्याच्या दाव्याचं मूळ 1990 मधल्या डॅनियल रुडमन यांच्या अभ्यासात आहे. साठीपुढच्या 12 पुरुषांना सहा महिने वाढसंप्रेरक दिलं, चरबी घटली, मांस वाढलं. औषध प्रत्यक्ष वाढसंप्रेरक होतं, ही पेप्टाइडं नव्हेत, आणि माणसं मोजकीच. पुढच्या अभ्यासांत सूज, सांधेदुखी, मनगटात नस दबणं हेही ठळक दिसलं. मोठा प्रश्न वेगळाच आहे. वय वाढणं ही वाढसंप्रेरकाची उणीव असेल, तर जन्मभर त्याविना जगणारी माणसं लवकर म्हातारी व्हायला हवीत. ब्राझीलच्या इताबायानिन्या गावात याच ग्राहकाच्या दुसऱ्या दोषाने खुजी असलेली, उपचार न घेतलेली माणसं सर्वसाधारण आयुष्य जगतात. हाच ग्राहक बिघडलेला ‘लिटल’ उंदीर तर इतर उंदरांपेक्षा जास्त जगल्याचं आढळलं आहे. यावरून वाढसंप्रेरक वाईट ठरत नाही, पण ते वाढवलं की तारुण्य परततं या गृहीतकाचा पाया निसटतो.

एक आक्षेप रास्त आहे: मग या पेप्टाइडांना जागाच नाही का? आहे. टेसामोरेलिनला 2010 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली, एचआयव्हीच्या रुग्णांच्या पोटात साचणाऱ्या चरबीसाठी. तिथे आजार ठरलेला आहे, परिणाम मोजलेला आहे, रक्तातली साखर वाढते हेही नोंदलेलं आहे, आणि औषध थांबवलं की चरबी परतते हेही. अशी चौकट असेल तिथे हे औषध शोभतं. खेळाडूंसाठी मात्र हे सगळंच कूळ ‘वाडा’ या जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने बंद केलं आहे.

फोंडाघाटात, किंवा कणकवली तालुक्यातल्या कोणत्याही गावात, वाढसंप्रेरकाची खरी गरज असेल ती दरवर्षी बरोबरीच्यांपेक्षा मागे पडत जाणाऱ्या एखाद्या मुलाला. शाळेतल्या तपासणीत त्याची उंची नीट मोजावी, पुण्याच्या डॉ. वामन खाडिलकर यांच्या पुढाकाराने 2015 मध्ये बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने दिलेल्या भारतीय वाढ-तक्त्यावर मांडावी, आणि वर्षभरात किती वाढ झाली ते पाहावं. त्यात वाढ मंद दिसली तर संप्रेरकतज्ज्ञाकडे पाठवावं, कारण निदान लवकर झालं तरच उपचाराला वेळ उरतो. विज्ञानाने ही साखळी मुख्यतः बिघाडांतून उलगडली. त्या ज्ञानावर पहिला हक्क या मुलाचा आहे. दंड भरण्यासाठी आणि सुरकुत्या लपवण्यासाठी ते खपवणाऱ्यांनी तो हक्क स्वतःकडे ओढून घेऊ नये.