किडनीच्या आजारात स्ट्रोकचा धोका का वाढतो? तो कमी कसा करायचा?

किडनीचा आजार निघाला की घरातल्या सगळ्यांचं लक्ष एकाच आकड्यावर खिळतं, तो म्हणजे क्रिएटिनिन. डायलिसिस लागेल का, हीच धास्ती. पण या पेशंटना स्ट्रोकचा, म्हणजे पक्षाघाताचा धोकाही इतरांपेक्षा जास्त असतो. डायलिसिसवर असलेल्यांमध्ये तो कित्येक पटींनी वाढतो.

किडनीचा मेंदूशी काय संबंध?

दोन्ही अवयवांना सतत भरपूर रक्त लागतं आणि ते अगदी बारीक रक्तवाहिन्यांमधून पोहोचतं. बीपी आणि शुगर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की या वाहिन्या दोन्हीकडे खराब होतात. त्यामुळे लघवीतून प्रोटीन जात असेल तर तो फक्त किडनीचा प्रश्न समजू नका.

त्यात किडनी थकली की अंगात मीठ आणि पाणी साठतं, बीपी आणखी चढतं. कॅल्शियम-फॉस्फरसचं गणित बिघडून रक्तवाहिन्या कडक होतात. अशा पेशंटमध्ये गुठळी अडकून होणारा स्ट्रोक आणि मेंदूत रक्तस्राव, दोन्हींची भीती असते. प्रतिबंध अवघड होतो तो इथेच.

सगळ्यात आधी बीपी

'केडिगो' या किडनीविकारांवरच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या 2021च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, पेशंटला झेपत असेल तर वरचं बीपी 120च्या खाली ठेवावं. ही सूचना डायलिसिसवर नसलेल्यांसाठी आहे. अनेक डॉक्टर 130/80 हे लक्ष्य ठेवतात. वय आणि चक्कर येण्याचा त्रास बघून तुमचा आकडा डॉक्टरच ठरवतील.

पण मोजणार कसं? जिना चढून आल्या आल्या किंवा चहा पिऊन लगेच मोजलेलं बीपी खरं नसतं. पाच मिनिटं पाठ टेकून शांत बसा, मग मोजा. डायलिसिससाठी ज्या हातात फिस्टुला केलाय, त्या हातावर पट्टा बांधू नका. आणि 'आता नॉर्मल आलंय' म्हणून गोळी बंद करू नका. ते नॉर्मल आलंय गोळीमुळेच.

मिठाचा घोळ

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ पुरे, म्हणजे जेमतेम एक छोटा चमचा. पापड, लोणचं, फरसाण हे सगळं त्यातच धरायचं. सैंधव मीठ उपवासाला चालतं, पण बीपीच्या दृष्टीने तेही मीठच.

बाजारात 'लो सोडियम' मीठ मिळतं. एरवी बीपीसाठी ते चांगलं. पण त्यात सोडियमऐवजी पोटॅशियम घातलेलं असतं आणि कमजोर किडनीला ते बाहेर टाकता येत नाही. रक्तात पोटॅशियम वाढलं तर हृदयाचे ठोके थेट बिघडू शकतात. व्हॉट्सॲपवर फिरणारा सल्ला किडनीच्या पेशंटला जसाच्या तसा का लागू होत नाही, याचं हे उत्तम उदाहरण.

औषधांचं काय?

ॲस्पिरिनचंही तसंच. 'रक्त पातळ राहतं' म्हणून स्वतःहून सुरू करू नका, या आजारात रक्तस्रावाची शक्यता मुळात जास्त असते. हृदयाचे ठोके अनियमित असतील तर गुठळी टाळणारं औषध लागू शकतं, पण त्यातली काही औषधं किडनीवाटेच बाहेर पडतात. म्हणून डोस किडनीच्या क्षमतेनुसार ठरतो.

कोलेस्टेरॉलवरची स्टॅटिन गोळी डायलिसिसआधीच्या टप्प्यात उपयोगी पडते. 50 वर्षांपुढच्या बहुतेक पेशंटना ती सुचवली जाते. डायलिसिस सुरू झाल्यावर ती नव्याने सुरू करण्याचा फायदा मात्र फारसा दिसलेला नाही.

गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून आणलेली डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन किडनीलाही मारते आणि बीपीही वाढवते. तंबाखू, मिश्री, सिगारेट यांबद्दल वेगळं सांगायला नको.

लक्षणं दिसली तर?

तोंड एका बाजूला वाकडं होणं, एक हात किंवा पाय अचानक लुळा पडणं, बोलणं अडखळणं. यातलं एक जरी दिसलं तरी 108ला फोन करा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. पेशंट डायलिसिसवर असेल तर शेवटचं डायलिसिस किती वाजता झालं, हे पोहोचताच सांगा. त्या वेळी बहुतेकदा हेपरिन हे रक्त न गोठू देणारं औषध दिलेलं असतं आणि ते इंजेक्शन द्यायचं की नाही, हे त्यावरही ठरतं.