मराठी अक्षरजुळणीतील नक्कल आणि कुलूप : एका छोट्या बाजारपेठेचा इतिहास

संगणक-प्रणालींच्या अनधिकृत नकलांची चर्चा आपल्याकडे बहुधा नीतीच्या अंगाने होते. प्रस्तुत लेखात तिचा विचार आर्थिक इतिहासाच्या अंगाने, तोही मराठी अक्षरजुळणीपुरता केला आहे. नकलेमुळे उत्पादकाचे नुकसान झाले हे खरेच. परंतु नकलेविरुद्ध जी कुलपे घातली गेली, त्यांची किंमत अखेरीस मराठी मजकुराला मोजावी लागली, असे माझे मत आहे.

वाद जुना आहे. ३ फेब्रुवारी १९७६ रोजी बिल गेट्स यांनी हौशी संगणकधारकांना खुले पत्र लिहिले. अल्टेअर संगणक बाळगणाऱ्यांपैकी दहा टक्क्यांहूनही कमी लोकांनी त्यांची ‘बेसिक’ विकत घेतली होती, ही त्यातील तक्रार. पुढे त्यांच्या कंपनीला जगभरचे ग्राहक लाभले आणि नकला होऊनही खर्च भरून निघाला. छोट्या बाजारपेठेत तसे होत नाही. ग्राहक हजार असोत वा दहा लाख, प्रणाली घडविण्याचे श्रम जवळपास तेवढेच लागतात. मराठीचे ग्राहक म्हणजे मुद्रणालये, वृत्तपत्रे, शासकीय कार्यालये आणि डीटीपीची दुकाने. येथे प्रत्येक नक्कल बोचणारीच.

आरंभी हा प्रश्न फारसा नव्हता. कानपूरच्या आयआयटीत विकसित झालेले ‘जिस्ट’ तंत्रज्ञान १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅककडे आले. ते संगणकात बसवावयाच्या कार्डाच्या रूपात मिळे आणि कार्ड काही फ्लॉपीवर उतरवून घेता येत नाही. शिवाय त्याचा मजकूर ‘इस्की’ या समान संकेतात साठविला जाई. भारतीय मानक ब्यूरोने १९९१ मध्ये या संकेताला मानकाचा दर्जा दिला.

विंडोज आल्यावर चित्र पालटले. तत्कालीन विंडोजला देवनागरी जोडाक्षरे जुळविता येत नसत. म्हणून अक्षरांचे तुकडे इंग्रजी अक्षरांच्या घरांत बसवून फॉन्ट तयार झाले. ‘श्रीलिपी’, ‘आकृती’ असे अनेक संच निघाले, आणि कोणता तुकडा कोणत्या घरात बसवावयाचा हे प्रत्येकाने आपापले ठरविले. ही मांडणी तांत्रिक अडचणीतून आली हे मान्य. पण ती समान करण्यात व्यापारी लाभ कोणाचाच नव्हता. एकाचा मजकूर दुसऱ्याच्या संचात उघडला की अक्षरांचा नुसता खिचडा! फॉन्टची नक्कल मात्र क्षणात होई. त्यावर उपाय म्हणून प्रिंटरच्या पोर्टला लावावयाचे हार्डवेअर कुलूप आले. गंमत अशी, की कुलूप बिघडले तर काम अडे ते पैसे मोजणाऱ्याचे. कुलूप तोडलेली प्रत वापरणाऱ्याचे नव्हे.

कायदा होताच. १९८४ च्या दुरुस्तीने संगणक-प्रणाली कॉपीराइटच्या कक्षेत आली. १९९४ च्या दुरुस्तीने नकली प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्यास किमान सात दिवसांची कैद आणि पन्नास हजार रुपये दंड सांगितला.

युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून होती आणि विंडोज २००० मध्ये ती प्रत्यक्ष वापरता येऊ लागली. २००५ मध्ये केंद्र शासनाने भारतीय भाषांचे फॉन्ट मोफत वाटण्यास आरंभ केला. म्हणजे नक्कल करण्याचे कारणच उरले नाही. तरीही दुकाने जुन्याच फॉन्टवर राहिली. कारण त्यांचे सारे काम पेजमेकरवर चाले आणि पेजमेकरला युनिकोड कळत नसे. सातव्या आवृत्तीनंतर (२००१) त्याची मोठी आवृत्ती निघालीच नाही.

माझा एम. फिल.चा प्रबंध २०१२ मध्ये रत्नागिरीतील एका दुकानात अशाच फॉन्टमध्ये जुळविला गेला. दुकान बंद झाले, सीडी माझ्यापाशी राहिली. मध्यंतरी एका प्रकरणाचा मजकूर हवा होता. फाइल उघडली, अक्षरे मात्र वाचता येईनात. कोकणातील बंदरांच्या कागदपत्रांतले मोडी उतारे लावताना इतके कष्ट पडले नव्हते. अखेर छापील प्रत समोर ठेवून ते प्रकरण पहिल्यापासून पुन्हा टंकलिखित केले.