गाडी साक्ष देते तेव्हा : ड्रायव्हरने काय जाणून घ्यावं?

काही दिवसांपूर्वी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. उमापूरचाच पोरगा. बारावीनंतर लायसन काढलं, आता पुण्यात एका मालकाची कार चालवतो. म्हणाला, "सर, रात्री हायवेवर कुत्रं आडवं आलं म्हणून जोरात ब्रेक दाबला. सकाळी मालक विचारतात, अकरा चाळीसला एवढा ब्रेक का मारला? गाडीत मी एकटाच होतो. त्यांना कळलं कसं?"

त्याला उत्तर देण्यासाठी मी वाचायला घेतलं आणि लक्षात आलं की हा प्रश्न एकट्या त्याचा नाही. आपल्या गेवराई तालुक्यातली किती तरी घरं स्टेअरिंगवर चालतात. कोणी काळीपिवळी चालवतं, कोणी ऊसतोडीच्या टोळ्या पोचवतं, कोणी पुण्या-मुंबईत दुसऱ्याची गाडी हाकतं. यातले बहुतेक जण चालक आहेत, मालक नाहीत. आणि आजची गाडी जे जे लिहून ठेवते, ते चालकाबद्दल असतं, पण चालकाच्या हातात नसतं. म्हणून ही माहिती एका ठिकाणी मांडतो आहे.

गाडीतला 'ब्लॅक बॉक्स' म्हणजे काय?

विमानात ब्लॅक बॉक्स असतो हे सगळ्यांना माहीत आहे. कारमध्ये त्याच्या धाकट्या भावाला इव्हेंट डेटा रेकॉर्डर म्हणतात. तो वेगळा डबा नसतो. एअरबॅग उघडायची की नाही हे ठरवणारं जे यंत्र असतं, त्याच्याच आत ही छोटी स्मरणशक्ती असते. आपल्याकडे १ जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांना चालकाच्या बाजूची एअरबॅग सक्तीची झाली. त्यामुळे एअरबॅगचं यंत्र आता फक्त महागड्या गाड्यांत असतं असं नाही. मात्र प्रत्येक गाडीतलं यंत्र सारखीच नोंद ठेवतं असंही नाही. ते कंपनी आणि मॉडेलवर अवलंबून आहे.

हा रेकॉर्डर दिवसभर माहिती साठवत बसत नाही. जोराची धडक बसली किंवा एअरबॅग उघडली, की त्याच्या आधीच्या काही सेकंदांची नोंद तो पक्की करतो. अमेरिकेच्या नियमात हा काळ पाच सेकंदांचा होता. डिसेंबर २०२४ मध्ये तो वीस सेकंद करण्याचा निर्णय झाला. या नोंदीत साधारण एवढं असतं : गाडीचा वेग, ॲक्सिलरेटर किती दाबला, ब्रेक दाबला की नाही, सीटबेल्ट लावला होता का, धडकेने वेग किती घटला, एअरबॅग कधी उघडली.

काय नसतं तेही सांगतो, कारण याबद्दल गैरसमज फार आहेत. या रेकॉर्डरमध्ये तुमचं बोलणं नसतं, चित्रीकरण नसतं. तुम्ही कुठून कुठे गेलात याचा हिशोबही त्यात नसतो.

मग मालकाला कळलं कसं?

माझ्या विद्यार्थ्याच्या बाबतीत काम या रेकॉर्डरचं नव्हतं. गाडीत नोंद ठेवणारी आणखी काही यंत्रं असतात आणि सगळी एकच समजल्यामुळे गोंधळ होतो.

पहिलं, इंटरनेट जोडलेली गाडी. अशा गाडीत कंपनीचं सिमकार्ड असतं. वेग, जागा, जोराचा ब्रेक, इंजिन किती वेळ चालू राहिलं, हे सगळं कंपनीच्या सर्व्हरवर जातं आणि मालकाच्या मोबाइल ॲपवर दिसतं. त्या पोराचा ब्रेक इथेच पकडला गेला.

दुसरं, प्रवासी वाहनातलं ठिकाण सांगणारं यंत्र. केंद्रीय मोटार वाहन नियम १२५-एच नुसार टॅक्सी, बस अशा सार्वजनिक प्रवासी वाहनांना हे यंत्र आणि संकटकाळचं बटण सांगितलेलं आहे. रिक्षा, ई-रिक्षा आणि दुचाकीला त्यातून सूट आहे. हेतू प्रवाशांच्या, विशेषतः महिलांच्या सुरक्षेचा आहे आणि तो रास्तच आहे. पण या यंत्रामुळे चालकाचा सगळा दिवस नकाशावर उमटतो, हेही खरं.

तिसरं, डॅशकॅम, म्हणजे काचेजवळ बसवलेला कॅमेरा. तो कोणी बसवला आणि त्याचं मेमरी कार्ड कोणाकडे आहे, यावर सगळं अवलंबून असतं.

चौथं, विमा. जुलै २०२२ मध्ये विमा नियामक प्राधिकरणाने 'जेवढी चालवाल तेवढं भरा' आणि 'जशी चालवाल तसं भरा' अशा प्रकारच्या पॉलिसींना परवानगी दिली. हप्ता कमी होतो, पण त्या बदल्यात गाडी चालवण्याची पद्धत मोजली जाते.

पालघरचा अपघात काय शिकवतो?

महाराष्ट्रात या विषयावर सगळ्यात जास्त चर्चा झाली ती ४ सप्टेंबर २०२२ नंतर. त्या दिवशी अहमदाबादहून मुंबईकडे येणारी मर्सिडीज पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर कठड्याला धडकली. उद्योगपती सायरस मिस्त्री आणि त्यांचे सहप्रवासी जहांगीर पंडोल यांचा मृत्यू झाला. दोघेही मागच्या सीटवर होते आणि दोघांनीही सीटबेल्ट लावलेला नव्हता, असं पोलिसांनी सांगितलं.

सुरुवातीला सीसीटीव्हीवरून हिशोब मांडला गेला : गाडीने वीस किलोमीटर अंतर नऊ मिनिटांत कापलं. म्हणजे सरासरी वेग ताशी १३० च्या पुढे. सगळीकडे तेवढीच बातमी फिरली. नंतर गाडीतली नोंद कंपनीकडून वाचून घेतली गेली, तेव्हा वेगळं चित्र दिसलं. धडकेच्या पाच सेकंद आधी ब्रेक दाबला गेला होता, आणि वेगाचे आकडे ताशी १०० व पुलावर ८९ किलोमीटर असे पुढे आले. नोव्हेंबर २०२२ मध्ये चालकावर निष्काळजीपणाचा गुन्हा नोंदला गेला.

यातून दोन गोष्टी कळतात. एक, गाडीची नोंद नेहमी चालकाच्या विरोधातच जाते असं नाही. ती अफवांना आणि ढोबळ हिशोबाला लगामही घालते. आपल्या भागात अपघात झाला की पहिलं वाक्य 'ड्रायव्हर सुसाट होता' हेच असतं. खरोखर साठच्या वेगाने चाललेल्या गरीब ड्रायव्हरला हीच नोंद वाचवू शकते. दुसरी गोष्ट, ती नोंद पोलिसांनाही स्वतःहून वाचता आली नाही, कंपनीच्या मदतीची वाट बघावी लागली. माहिती कोणाची याइतकाच महत्त्वाचा प्रश्न आहे, तिची किल्ली कोणाकडे?

कायदा काय म्हणतो?

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने पुट्टास्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सांगितलं. त्यानंतर २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य तरतुदी लागू व्हायला तिथून अठरा महिन्यांची मुदत ठेवली आहे.

या कायद्यात माहिती ज्या माणसाबद्दल आहे, तो महत्त्वाचा. म्हणजे चालकालाही त्यात जागा आहे. पण बारकाईने वाचलं की गाठ कुठे आहे ते दिसतं. कलम ७ प्रमाणे नोकरीच्या कामासाठी किंवा स्वतःचं नुकसान टाळण्यासाठी नोकरी देणारा संमतीशिवायही माहिती वापरू शकतो. आणि 'माझ्याबद्दल काय साठवलंय ते दाखवा' असं मागण्याचा कलम ११ चा हक्क मुळात संमती दिलेल्याला आहे. ज्याची संमतीच विचारली नाही, त्याला बघायला मागण्याचा हक्कही नाही. पगारी ड्रायव्हर नेमका इथेच अडकतो.

अमेरिकेत २०१५ च्या चालक खासगीपणा कायद्याने रेकॉर्डरमधली माहिती गाडीच्या मालकाची किंवा भाडेपट्ट्याने घेणाऱ्याची ठरवली. त्यांची संमती, न्यायालयाचा आदेश किंवा कायद्यात दिलेली मोजकी कारणं असल्याशिवाय ती दुसऱ्याने काढायची नाही. युरोपात ७ जुलै २०२४ पासून प्रत्येक नव्या कारमध्ये रेकॉर्डर सक्तीचा आहे, पण त्यातली माहिती निनावी ठेवायची अट आहे. आपल्याकडे या माहितीची मालकी ठरवणारा असा वेगळा कायदा नाही. आणि अमेरिकेचा कायदाही मालकापाशीच थांबतो, हे विसरू नये.

पोलीस ही माहिती घेऊ शकतात का?

हो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली न्यायालय किंवा पोलीस ठाण्याचे प्रमुख तपासासाठी डिजिटल पुरावा हजर करायला सांगू शकतात. 'स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला लावू नये' हे राज्यघटनेच्या कलम २०(३) चं संरक्षण इथे कितपत चालेल? १९६१ च्या काठी कालू ओघड खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बोटांचे ठसे देणं म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष देणं नव्हे असं ठरवलं. तोच तर्क लावला तर यंत्राने आपोआप ठेवलेल्या नोंदीला या कलमाने अडवणं कठीण आहे, असं मला वाटतं.

पण पोलिसांनी घेतली म्हणजे ती लगेच पुरावा झाली, असंही नाही. इथे आपल्या शेजारच्या जालन्याचा खटला कामाला येतो. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज वेळेत दिला की उशिरा, यावर वाद होता आणि पुरावा होता निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातलं चित्रीकरण. अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या खटल्यात १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मूळ यंत्रच न्यायालयात आणलं नसेल, तर डिजिटल नोंदीच्या प्रतीसोबत प्रमाणपत्र लागतंच. यंत्र दुसऱ्याच्या ताब्यात असेल आणि तो प्रमाणपत्र देत नसेल, तर न्यायालयाकडे दाद मागून ते मागवता येतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्येही प्रमाणपत्राची अट आहे.

ड्रायव्हरसाठी हा निकाल दोन्ही बाजूंनी उपयोगी आहे. विरोधात नोंद आली तर 'प्रमाणपत्र कुठे आहे' हे विचारता येतं. आणि नोंद आपल्या बाजूची असेल पण गाडी मालकाच्या किंवा पोलिसांच्या ताब्यात असेल, तरी न्यायालयामार्फत ती मागवता येते.

ड्रायव्हरने लक्षात ठेवायच्या गोष्टी

१. नोकरी धरताना मालकाला सरळ विचारा : गाडीत ट्रॅकर, ॲप, कॅमेरा काय काय आहे? गाडीच्या आतला आवाज रेकॉर्ड होतो का? ड्युटी संपल्यावरही बघितलं जातं का? उत्तर व्हॉट्सॲपवर लिहून घेतलेलं बरं.

२. मालकाच्या गाडीला स्वतःचा मोबाइल जोडला असेल, तर काम सोडताना तो काढून टाका. नाहीतर तुमचे नंबर आणि कॉलची यादी गाडीतच राहते.

३. मोठा अपघात झाला तर आधी जखमीला दवाखान्यात पोचवा आणि पोलिसांना कळवा. यंत्र, मेमरी कार्ड यांना हात लावू नका. पुरावा नष्ट करणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, आणि पुसलेली नोंद कदाचित तुमच्याच फायद्याची असते.

४. पंचनाम्यात यंत्राचा आणि मेमरी कार्डाचा उल्लेख आहे का ते पाहा. जप्तीचं चित्रीकरण करणं आता कायद्याने पोलिसांवर बंधनकारक आहे.

५. गाडी लगेच गॅरेजला किंवा भंगारात जाणार असेल, तर एअरबॅगचं यंत्र आणि त्यातली नोंद जपून ठेवण्यासाठी वकिलामार्फत लेखी अर्ज द्या.

६. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. राष्ट्रीय हेल्पलाइनचा क्रमांक १५१०० आहे. अटकेत असलेल्या माणसाला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे, मग उत्पन्न कितीही असो.

मालकांसाठीही दोन शब्द

गाडी तुमची, पैसा तुमचा, त्यामुळे ती कुठे आहे हे बघण्याचा तुमचा हक्क कोणी नाकारत नाही. पण चालकाला न सांगता त्याचं बोलणं ऐकणं आणि सुट्टीच्या दिवशी तो कुठे गेला ते शोधत बसणं, ही गाडीची राखण नव्हे. उर्दूत 'अमानत' म्हणतात, मराठीत तोच शब्द 'अनामत' होऊन बँकेत आणि बाजारात रुळला. दुसऱ्याची वस्तू आपल्याकडे विश्वासाने ठेवलेली. ड्रायव्हरच्या हातात तुमची गाडी अमानत आहे, तशी तुमच्या मोबाइलमध्ये त्याच्या दिवसभराची नोंदही अमानतच आहे.

माझ्या विद्यार्थ्याने शेवटी मालकाशी बोलून घेतलं. कुत्र्याची गोष्ट सांगितली आणि ॲपमध्ये काय काय दिसतं ते एकदा दाखवा म्हणाला. मालकांनी दाखवलं. तो मला नंतर म्हणाला, "सर, बघतात याचं काही नाही. पण काय बघतात ते आपल्याला माहीत पाहिजे."